मुक्वानोच्या पायातली दोरी

१

डब्यावरचा तांबडा दिवा लागला तेव्हा बुसेंजा गावात शनिवारची दुपार होती. वालुसिंबीच्या अंगणातल्या फणसाखाली सतरा माणसं, दोन कुत्री आणि एक मोटारसायकल एवढा ऐवज जमला होता. दिवा लागल्याबरोबर सतराही माणसं गप्प झाली. कुत्री आधीपासूनच गप्प होती. त्यांना अशा गोष्टी अगोदर कळतात.

"कुणाची?" तेओपिस्तानं विचारलं.

लुब्वामानं नळीवरची चिठ्ठी चष्मा लावून वाचली. मग चष्मा काढून वाचली. दोन्ही वेळा तेच नाव निघालं.

"मुक्वानो," तो म्हणाला. "नाबुकेराबाईंची डुकरीण."

डबा म्हणजे काही जादूटोणा नव्हता, गावाला तो तसा वाटत असला तरी. जेवणाच्या डब्याएवढं यंत्र. डुकराच्या नाकात काडी फिरवायची, ती नळीतल्या पाण्यात बुडवायची, नळी डब्यात सरकवायची; एका वेळी चाळीस नळ्या मावतात. आत विषाणूच्या बीजाचा कण जरी असला तरी डबा त्याचे कोट्यवधी करून मोजतो आणि तासाभरात सांगतो. हिरवा दिवा म्हणजे फ्लू नाही, तांबडा म्हणजे आहे. पूर्वी नमुने बर्फात घालून राजधानीला पाठवावे लागत, आणि उत्तर येईपर्यंत डुक्कर एक तर बरं झालेलं असे, नाही तर पोटात गेलेलं असे.

लुब्वामा जनावरांच्या दवाखान्यातून तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाला होता. बायको त्याच्याही आधी गेली. मसाका शहरात दोन खोल्या होत्या आणि त्यांत एक रेडिओ. म्हणून, कुठलीशी पाहणी चालू आहे, डबा घेऊन गावोगाव फिरणारा माणूस हवाय, असं कळल्यावर तो दुसऱ्याच दिवशी जाऊन रांगेत उभा राहिला. रांगेत तो एकटाच होता.

बुसेंजात ही त्याची दुसरी खेप. तीन आठवड्यांपूर्वी गावच्या वराहाला, म्हणजे जनरलला, ताप आणि खोकला झाला होता, आणि त्याच्याकडे नेऊन आणलेल्या चार डुकरिणींनाही. तेव्हा डुक्कर पाळणाऱ्यांच्या मंडळानं हात वर करून नियम केला: सगळ्या डुकरांचे दिवे हिरवे होईपर्यंत कुठलंही डुक्कर अंगणाबाहेर जाणार नाही. जो नेईल त्याच्या डुकराला सुरी लागेल आणि मंडळातून त्याचं नाव कटेल. हात वर करणाऱ्यांत नाबुकेराही होती.

आज सकाळी मंडळाच्या पोरांनी घरोघर जाऊन डुकरांच्या नाकांत काड्या फिरवून आणल्या, आणि अडतीस डुकरांचे दिवे हिरवे आले. जनरलचाही. तांबडा फक्त हा एक.

"म्हातारीनं डुकरीण चोरून जनरलकडे नेली," तेओपिस्तानं निकाल दिला. ती मंडळाची अध्यक्ष. नाक्यावर तिचं तळलेल्या डुकराचं दुकान होतं आणि ती हसली की दुकानाचे पत्रे वाजत. आत्ता ती हसत नव्हती. "दुसरं काय होणार? तिचं घर टेकडीच्या टोकाला. तिच्याकडे काळं कुत्रं फिरकत नाही. विषाणू काय चालत गेला?"

"ओ मॅडम, माझ्या जनरलचं नाव कशाला मध्ये?" सेंकुंगु उसळला. जनरलचा मालक तो. "तीन आठवडे तो बिचारा ब्रह्मचारी आहे. चेहरा बघा त्याचा, पाद्र्यासारखा झालाय."

"तुझाच बघ आधी."

मंडळाचा चिटणीस वालुसिंबी, ज्याच्या अंगणात हे चाललं होतं, तो काहीतरी बोलायला उठला आणि त्याला खोकल्याची उबळ आली. त्यानं रुमाल तोंडावर धरला.

"घ्या! अजून गेला नाही का तुझा मसाक्याचा खोकला?" तेओपिस्ता म्हणाली. "आल्याला नऊ दिवस झाले. चालू न होणाऱ्या मोटारसायकलसारखा खोकतोस. आलं घाल चहात."

"अध्यक्षबाई," दम घेऊन वालुसिंबी म्हणाला, "एकदा त्यांना विचारून तरी..."

"तुझी सासू म्हणून तुला पुळका. जा, तूच विचारून ये!"

सगळे खदखदून हसले. वालुसिंबी खाली बसला आणि जमिनीकडे बघत राहिला.

"उद्या देवळातला मिस्सा संपला की तिच्याच अंगणात सभा," तेओपिस्तानं सांगितलं. "सुरी मी आणते. मुसावो, तुमचं काम झालं. तुम्ही निघा."

मुसावो म्हणजे लुब्वामा. जनावरांच्या डॉक्टरला तिकडे असंच म्हणतात. लुब्वामानं डब्याकडे पाहिलं. तांबडा दिवा आहे-नाही एवढंच सांगतो. कुठून आला ते सांगत नाही. आणि कुठून आला हे कळलं नाही की सुरी कुणाला लागते, याचा लुब्वामाला चाळीस वर्षांचा अनुभव होता.

"मी उद्यापर्यंत थांबतो," तो म्हणाला.

त्याची वाट बघणारं तसंही कुणी नव्हतं.

२

वालुसिंबीनं डबा मोटारसायकलच्या मागे बांधून दिला. दोन वेढे, मागे-पुढे एकेक गाठ. टेकडीच्या वळणापर्यंत तो बरोबर चालत आला आणि तिथे थांबला.

"इथून पुढं तुम्हीच जा."

लुब्वामानं मान हलवली. विचारण्यासारखं त्यात काही नव्हतं. त्या मुलखात जावई सासूच्या समोर जात नाही. वाटेत दिसली तर एकानं केळीच्या बागेत शिरायचं. तिच्या अंगणात तर पाऊलच टाकायचं नाही. टाकलं तर हाताला कंप सुटतो, आणि कंप सुटला नाही तरी गाव तोंड सोडतं. लुब्वामानं स्वतः तीस वर्षं आपल्या सासूला केळीआडून नमस्कार घातला होता. ती दिसायला कशी होती हे त्याला ती वारल्यावर फोटोवरून कळलं, आणि फोटोतल्या दोघींपैकी ती कुठली याचा वाद अजून मिटलेला नव्हता.

या दोघांमधला दुवा होती रेस्टी. नाबुकेराची एकुलती एक लेक, वालुसिंबीची बायको. ती चौदा महिन्यांपूर्वी गेली. मूलबाळ नव्हतं. दुवा गेला आणि टेकडीच्या वर एक माणूस उरलं, खाली एक.

नाबुकेरा दारातच उभी होती. बायका गुडघे टेकून पाहुण्याला नमस्कार करतात. हिनं भिंतीला धरून मान झुकवली.

"माफ करा मुसावो, उभ्यानंच करते. दोन्ही गुडघे वर्षभर ताठ झालेत. खाली बसले तर उठवायला माणूस लागतं, आणि माणूस आणायचं कुठून?"

"राहू दे, न्याबो," बाईमाणसाला तिकडे म्हणतात तसं लुब्वामा म्हणाला. "मीही वाकलो की हाडं वाजतात. लोकांना वाटतं ढोल आला."

ती हसली. मग न विचारताच तिनं केळीच्या पानात वाफवलेलं मटोके, म्हणजे कच्च्या केळ्यांचा लगदा, आणि शेंगदाण्याची आमटी आणून ठेवली. दोन ताटल्या.

"तुम्ही येणार हे ठाऊक होतं?"

"नाही. दोघांचंच शिजतं रोज. हात ऐकत नाही." तिनं दुसरी ताटली त्याच्याकडे सरकवली. "रोज ही दुसरी मुक्वानो खाते. आज तिला म्हटलं, पाहुणे आहेत, धीर धर."

मुक्वानो अंगणाच्या कडेला अवाकाडोच्या झाडाला बांधलेली होती. गोरी, लांब कानांची, भली मोठी डुकरीण. थोडी सुस्त, नाक ओलं. लुब्वामाकडे तिनं असं पाहिलं की जणू ताटलीचा हिशेब तिला पक्का माहीत होता.

"रेस्टीनं आणली. एवढंसं पिल्लू होतं," नाबुकेरा म्हणाली. "नावही तिचंच. म्हणाली, आई, ही तुझी मैत्रीण. मुक्वानो."

"हिला कुठं नेलं होतंत?"

"कुठं नेऊ? मला धड चालता येत नाही."

"आज काडी फिरवून गेलेली पोरं सोडून कुणी आलं होतं इथं? गेल्या दहा दिवसांत?"

"कुणी नाही."

पहिलं उत्तर देताना ती विचार करून बोलली होती. दुसरं प्रश्न संपायच्या आत आलं. लुब्वामानं ते ऐकलं आणि एक घास जास्त वेळ चावला.

"दोरी कोण बांधतं?"

"रेस्टीनं बांधलेली. तिनं बांधली ती बांधली. मी हात लावलेला नाही."

जेवण आटपून तो डुकरिणीपाशी उकिडवा बसला. हाडं वाजली. मग तो बराच वेळ उठलाच नाही.

दावणीच्या डुकराची दोरी मागच्या पायात असते, आणि आठवडा-पंधरवड्याला ती या पायातून त्या पायात बदलावी लागते. नाही बदलली तर डुक्कर वाढतं, दोरी वाढत नाही. महिन्या-दोन महिन्यांत ती कातडीत शिरते, चौदा महिन्यांत हाडाला भिडेल. मुक्वानोच्या डाव्या पायावर दोरीचा फिकट वळ होता, नुकता भरत आलेला. दोरी उजव्या पायात होती. जखम नाही, खरचटलेलंही नाही. उलट दोरीखाली केळीच्या सोपटाची मऊ घडी घातलेली होती, आणि ते सोपट अजून हिरवं होतं.

ज्या बाईला गुडघा टेकून नमस्कार करता येत नाही, ती डुकरिणीच्या मागच्या पायाशी वाकून घडी घालत नाही.

विष्ठेजवळ काहीतरी चमकलं. लुब्वामानं काडीनं उकरलं. आठळ्या. एक, दोन, सात.

"न्याबो, फणस कुठाय तुमचा?"

"होता. वादळात पडला. रेस्टी गेली त्याच वर्षी."

निघण्याआधी त्यानं तिच्याही नाकात काडी फिरवली.

"माझ्या? मी काय डुकरीण आहे?"

"छे. डुकरीण इतकं बोलत नाही."

तासाभरानं डब्यानं हिरवा दिवा दाखवला. नाबुकेरानं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"उद्या सुरी आणतील ना?" तिनं विचारलं.

"कुणी आलं होतं का ते सांगितलंत तर कदाचित नाही आणणार."

तिनं ताटल्या एकात एक ठेवल्या.

"कुणी येत नाही माझ्याकडे, मुसावो."

३

सेंकुंगुचा जनरल गोठ्यात झोपला होता. तो इतका मोठा होता की त्याच्या सावलीत लावलेली केळी महिनाभर उशिरा पिकतात, असं सेंकुंगु सांगे. खरं असेलही. त्या गोठ्याशेजारची केळी अजून पोपटी होती.

"गळ्याशपथ सांगतो, म्हातारीची डुकरीण इकडे आली नाही," सेंकुंगु म्हणाला. "आणि येणार कशी? एवढं धूड वरून खाली आणायचं, वाटेत वीस घरं. बुसेंजात एखाद्यानं शर्ट बदलला तर तीन जण विचारतात, कुठं निघालास."

"मग तेओपिस्ताला हे का सुचत नाही?"

"तिच्या दुकानात तीन आठवडे मांस नाही, मुसावो. मोकळ्या कढईसमोर बसून माणसाला काहीही सुचतं."

लुब्वामानं खिशातून सुतळी काढली आणि मुक्वानोच्या पायातली गाठ जशी पाहिली होती तशी बांधायचा प्रयत्न केला. दोन वेढे, टोक आतून, एक मुरड.

"ही तुझी?"

"माझ्याकडे साखळी आहे. ही गाठ तळ्यावरच्या कोळ्यांची. कितीही ओढा, आवळत नाही, आणि टोकाला धरलं की एका झटक्यात सुटते." सेंकुंगुनं ती उलटसुलट पाहिली आणि एकदम सुतळी खाली ठेवली. "आपल्या गावात ही एकच बाई बांधायची. मुसावो, ही तुम्ही कुठं पाहिलीत?"

"कोण बाई?"

"रेस्टी. देव तिला शांती देवो."

चौदा महिन्यांपूर्वी पुरलेल्या बाईनं या आठवड्यात हिरवं सोपट घालून गाठ मारली होती, आणि जनरल घोरत होता.

"मेलेली माणसं डुकरिणींना फणस घालत नाहीत," अखेर लुब्वामा म्हणाला. मोठ्यानं बोलल्यावर त्याला जरा बरं वाटलं. "यंदा फणस कुणाकडे धरलाय?"

"चिटणिसाकडेच. पण एक गरा देईल तर शपथ. विचारलं तर म्हणतो, माकडं नेतात."

"आणि नाबुकेरा? दिवसभर घरीच?"

"रविवार सोडून. रविवारी काठी टेकत तास-तास चालत देवळात येते. पाद्री म्हणाले, आजी, मी घरी येऊन प्रसाद देतो, कशाला त्रास घेता? ऐकत नाही. आणि मिस्सा झाल्यावरही उठत नाही. गायकांची तालीम संपेपर्यंत त्या मागच्या बाकावर एकटीच बसून असते. ना गाणं आवडतं तिला, ना गाणारे."

४

देवळामागच्या पाहुण्यांच्या खोलीत लुब्वामानं डबा टेबलावर ठेवला. ऊन अजून खिडकीत होतं.

"आता तुझ्याशीच बोलायचं," तो डब्याला म्हणाला. "रेडिओ घरी राहिला."

त्याच्याकडे साध्या नळ्या पुष्कळ होत्या, पण वेगळ्या झाकणाची एकच उरली होती. साधी नळी फ्लू आहे की नाही एवढंच सांगते. ही फ्लूची जात सांगते. तीन आठवड्यांपूर्वी जनरलचा नमुना अशाच नळीत घातला होता, तेव्हा डुकरांमध्ये वर्षानुवर्षं फिरणारी जात निघाली होती. मुक्वानो जनरलकडे गेली असेल, तर तिच्यातही तीच निघायला हवी.

नळी पुढच्या गावासाठी राखलेली होती. पुढच्या गावात अजून कुणी सुरीला धार लावलेली नव्हती. लुब्वामानं झाकण उघडलं आणि मुक्वानोच्या नमुन्याचे उरलेले थेंब आत सोडले.

दीड तास तो डब्यासमोर बसला. बाहेर गायकांपैकी कुणीतरी एकच ओळ पुन्हा पुन्हा म्हणत होता आणि प्रत्येक वेळी ती नव्यानं चुकवत होता.

डब्यावर अक्षरं उमटली. लुब्वामानं चष्मा लावला आणि काढला.

जनरलची जात नव्हती. डुकरांची जातच नव्हती. हा फ्लू माणसांचा होता, गेला महिनाभर मसाक्याच्या दवाखान्यांत खोकणाऱ्या माणसांचा.

डुक्कर माणसाला फ्लू देतं म्हणून सगळं जग डुकराच्या नावानं बोटं मोडतं. माणूस डुकराला किती वेळा देतो हे डुकरांना बोलता येत नाही म्हणून कळत नाही. येत असतं, तर त्यांनीही माणसाच्या नावाचा एखादा आजार काढला असता.

म्हणजे मुक्वानो कुठं गेली नव्हती. कुणीतरी तिच्याकडे आलं होतं. आणि लांबून शिंकून गेलं नव्हतं. नाकाला नाक लागेल इतकं जवळ बसलं होतं.

तो डबा परत मोटारसायकलला बांधायला बाहेर आला. दुपारी सोडताना घाईत त्यानं दोरीचं नुसतं टोक ओढलं होतं आणि ती एका झटक्यात सुटली होती. पण मागच्या दांड्याला डबा पक्का राहावा म्हणून मारलेली दुसरी गाठ अजून तशीच होती. दोन वेढे, टोक आतून, एक मुरड.

लुब्वामा मोटारसायकलच्या पायरीवर बसला.

"अरेरे," तो डब्याला म्हणाला. "हा तर बोलूच शकणार नाही."

५

रविवारी देवळाची घंटा झाली आणि टेकडीवरची सगळी वाट खाली वाहू लागली. सर्वांत शेवटी काठी टेकत नाबुकेरा गेली. लुब्वामा उलट्या बाजूनं वर चढला.

अवाकाडोखाली वालुसिंबी बसला होता. तोंडाला रुमाल बांधलेला, हातात फणसाचा अर्धा. मुक्वानोचं डोकं त्याच्या मांडीवर होतं. लुब्वामाला पाहून तो उठला नाही. पळायला जागाच नव्हती, खालच्या वाटेवर सगळं गाव होतं.

"आठळ्या काढून घालत जा," लुब्वामा त्याच्या शेजारी टेकत म्हणाला. "पुरावा राहतो."

"कधी कळलं?"

"गाठीवरून. मोटारसायकलला तीच मारलीस. तू कोळ्याचा मुलगा असणार, रेस्टी तुझ्याकडून शिकली. फणस तुझा, खोकला तुझा. म्हातारीचा दिवा हिरवा आला. सेंकुंगु धडधाकट, आणि तेओपिस्ता डुकराजवळ सुरीशिवाय जात नाही. राहिलं कोण?"

वालुसिंबी डुकरिणीचा कान कुरवाळत राहिला.

"रेस्टी शेवटी म्हणाली, आईला एकटं टाकू नकोस. मी हो म्हटलं. मरणाऱ्या माणसाला नाही कसं म्हणणार? मग ती गेली, आणि माझ्या लक्षात आलं की मला तर तिथं जाताच येत नाही. पाणी भरून देता येत नाही, लाकूड फोडून देता येत नाही, दिसेल ना. म्हटलं, दोरी बदलेन. दोरी कोण बघतं?"

"दर रविवारी?"

"एकही चुकला नाही. गावाला वाटतं, बायको गेल्यापासून मी देवावर रुसलोय. आधी फक्त दोरी बदलून जायचो. मग बसायला लागलो. हिच्याशी बोलतो. रेस्टीबद्दल. घरी कुणाशी बोलू?"

"मी रेडिओशी बोलतो," लुब्वामा म्हणाला.

"उत्तर देतो?"

"देतो, पण मी विचारलेल्याचं नाही."

वालुसिंबीला हसू आलं आणि त्यातून खोकला. तो डुकरिणीपासून तोंड फिरवून लांबवर खोकला. हे तो या आठवड्यात शिकला होता, उशिरा.

"गेल्या रविवारी ताप होता मला. डोकं टेकायला जागा हवी होती, हिच्या डोक्यावर टेकलं. मला काय ठाऊक? मी हिला मारलं, मुसावो."

"नाही मारलंस. आठवड्या-दोन आठवड्यांत ती बरी होईल. मारायला ती सुरी येतेय."

"सांगू नका. माझं जाऊ दे, मी मंडळ सोडतो. पण जावई वर्षभर अंगणात येऊन बसत होता म्हटल्यावर त्यांनी गावात तोंड कसं दाखवायचं?"

लुब्वामा हाडं वाजवत उठला.

"विषाणू माणसाचा आहे हे मी सांगणार, कारण ते माझं काम. माणूस कोण, हे मी सांगणार नाही, कारण ते तुझं."

६

मिस्सा झाल्यावर मंडळ टेकडीवर आलं. पुढं तेओपिस्ता, रविवारचा झगा आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली सुरी. सर्वांत शेवटी नाबुकेरा, भिंतीला धरून आपल्याच दारात पाहुण्यासारखी उभी राहिली. वालुसिंबी कुठं दिसत नव्हता. तिथं तो दिसेल अशी कुणाची अपेक्षाही नव्हती.

लुब्वामानं दोन्ही जाती सांगितल्या. जनरलची वेगळी, हिची वेगळी. डुकरीण अंगणाबाहेर गेलेली नाही. नियम मोडलेला नाही.

"माणसाचा?" तेओपिस्ता म्हणाली. "कुठल्या माणसाचा? इथं माणूस येतं कुठं? मुसावो, तुमचा डबा थापा मारतो. म्हातारे, तूच सांग. कुणी आलं होतं?"

नाबुकेरानं सुरीकडे पाहिलं. मग मुक्वानोकडे.

"कुणी नाही," ती म्हणाली.

तेओपिस्तानं वर्तमानपत्र सोडलं.

आणि केळीच्या बागेतून आवाज आला. चालू न होणाऱ्या मोटारसायकलचा.

सगळ्यांच्या माना वळल्या. पानं हलली, पण बाहेर कुणी आलं नाही. बागेच्या कडेला, अंगणाकडे पाठ करून, एक माणूस उभा होता.

"मी येतो," वालुसिंबी केळींना उद्देशून म्हणाला. "दर रविवारी. दोरी बदलायला. त्यांना माहीत नाही. दोष माझा आहे, त्यांचा काही नाही."

नाबुकेरानं पदरासारखं अंगावरचं कापड डोक्यावरून ओढलं आणि तीही वळली. आता दोघांच्या पाठी एकमेकांकडे होत्या आणि मध्ये डुकरीण.

"मुक्वानो," नाबुकेरा म्हणाली. आवाज फुटत होता, पण सासूचा होता. "त्याला सांग, फणस फार घालतो. रात्रभर तुझं पोट गुरगुरतं, मला झोप नाही."

सेंकुंगुनं पहिल्यांदा तोंड उघडलं. "तुला माहीत होतं?"

"आठळ्या काय तिच्या पोटात उगवतात? आणि दर रविवारी त्या बाकावर बसून बसून माझं कंबरडं मोडलं, ते काय तुमचं गाणं ऐकायला?"

"मग बोलली का नाहीस, बये?" तेओपिस्ताच्या हातातली सुरी आता तिची तिलाच नकोशी झाली होती. "मी कापली असती की गं हिला!"

"बोलले असते तर तो लाजेनं यायचा बंद झाला असता. नाही बोलले तर मुक्वानो गेली असती, आणि मग तो कशासाठी आला असता?" तिनं कापडाच्या आतून डोळे पुसले. "काल दुपारपासून हाच विचार करतेय. मला काही सुचलं नाही. तुम्ही सगळे शहाणे आहात, तुम्ही सांगा."

तेओपिस्तानं सुरी परत वर्तमानपत्रात गुंडाळली, नीट, कोपरे दुमडून.

"आपला नियम डुकरांबद्दल आहे," ती घसा साफ करत म्हणाली. "डुक्कर अंगणाबाहेर गेलं नाही. जावई अंगणात आला तर काय, हे नियमात नाही. असेल तर चिटणिसानं दाखवावं. चिटणीस झाडीत आहेत. सभा संपली."

जाता जाता तिनं वालुसिंबीच्या हातात काहीतरी कोंबलं. आल्याचा तुकडा होता.

दोन आठवड्यांनी लुब्वामा पुन्हा आला. अवाकाडोच्या एका बाजूला केळीच्या पानांचा नवा आडोसा उभा राहिला होता, पुरुषभर उंच. त्याच्या अलीकडे एक बाक, पलीकडे एक बाक, आणि दोन्हींकडे नाक पुरेल अशा बेतानं मुक्वानो बांधलेली. त्यानं तिच्या नाकात काडी फिरवली आणि तासभर ऐकत बसला.

"मुक्वानो, त्याला विचार, खोकला गेला का."

"मुक्वानो, त्यांना सांग, गेला."

"मुक्वानो, त्याला विचार, लाकूड कधी फोडणार. म्हणावं मी आत जाऊन दार लावते."

दिवा हिरवा लागला. लुब्वामानं तो दोन्ही बाजूंना नेऊन दाखवला. निघताना नाबुकेरानं त्याला पानात बांधलेलं मटोके दिलं. पुडी अंमळ जड होती.

"दोघांचं आहे," ती म्हणाली. मग थांबली. "घरी कोण असतं तुमच्या?"

"असतं एक," लुब्वामा म्हणाला. "फार बोलतं."

मसाक्यात पोचला तेव्हा रेडिओची बॅटरी संपलेली होती. त्यानं टेबलावर डबा ठेवला, त्याच्यासमोर पुडी सोडली, आणि दोन ताटल्या काढल्या. मग एक परत ठेवली. हिरवा दिवा अजून चालू होता. काम झाल्यावर तो बंद करावा लागतो, नाही तर डब्याची बॅटरी उतरते. लुब्वामाला ते चांगलं माहीत होतं. जेवण होईपर्यंत त्यानं दिवा तसाच ठेवला.